मयत इसम समक्ष हजर

"पोलिसाला दोनच माणसं भितात. एक चोर आणि दुसरा अडाणी. मी ह्या दोन्हीत बसत न्हाई," असं कानिफनाथ दरेकर सुट्टीत घरी आला की पारावर बसून सांगायचा, आणि ऐकणारे माना डोलवायचे.

माना डोलवायला कारण होतं. काष्टीच्या शिवारात दरेकर वस्तीवर मॅट्रिकच्या पुढं गेलेला तो पहिलाच. पुण्याला लॉ कॉलेजात होता, आणि तिथंही जमिनीचे दावे, वाटण्या, कुळकायदा असल्या मिळमिळीत गोष्टींना तो हात लावत नव्हता. त्याचा विषय फौजदारी. खून, दरोडा, जाळपोळ. कुणी बांध कोरल्याची तक्रार घेऊन आलं तर कानिफ नाराजीनं विचारायचा, "ह्यात कुणाचं डोकं फुटलंय का? न्हाई ना? मग हे माझ्याकडं न्हाई."

सन एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली. नगरच्या एका फौजदारी वकिलाच्या माघारी त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली होती. फौजदारी कायदा आणि गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला, शिक्षण पुरं होईपर्यंत. पण एकालाच. कानिफनं अर्ज केला होता, प्रिन्सिपॉलचा चांगल्या वागणुकीचा दाखला जोडला होता आणि निकाल लागायच्या आधीच तो निकाल सांगत होता. "ती माझ्याच नावावर हाय म्हणून समजा." त्याचा चुलता आसाराम तर काष्टीच्या बैलबाजारात सांगून मोकळा झाला होता की आमच्या कानिफला गुन्ह्यासाठी पैसे मिळणार आहेत. दोन गिऱ्हाइकं ते ऐकून बैल न घेताच निघून गेली.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र नव्हती. कानिफचा बाप, नाव श्रीमंत, कानिफ लहान असतानाच वारला. आसारामनं स्वतःच्या पोरांना बैलामागं घातलं आणि पुतण्याला पुण्याला धाडलं. आता त्याच्यानं पुढं ओढवत नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पुण्याची खोली सोडायची आणि गावच्या सोसायटीत कारकून म्हणून चिकटायचं, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. कानिफला तर फारच.

ज्येष्ठातली दुपार होती. कानिफ पडवीत उघड्या अंगानं पुस्तक वाचत पडला होता. आई झुंबरबाई आत भाकरी थापत होती आणि आसाराम दाव्याला गाठ मारत बसला होता. एवढ्यात शेजारची लंकाबाई पदर सावरत, धापा टाकत आली. ती बाजारात दहा माणसं असली तर अकरा माणसांच्या बातम्या घेऊन यायची, म्हणून आसारामनं मान वर केली नाही.

"आसाराम भावजी, हवालदार आलाय."

"यीना का. त्याची वाट हाय."

"कानिफला शोधतोय. फाट्यावर त्यानं विचारलं, कानिफनाथ श्रीमंत दरेकर कुठं ऱ्हातो. पुरं नाव घेतलं, बापासकट."

आसारामच्या हातातलं दावं खाली पडलं. पण त्याच्याहून मोठा आवाज झाला तो पुस्तकाचा. कानिफ उठून उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"नाना," तो म्हणाला, "मोर्चा."

"कसला मोर्चा?"

फाट्यापासून वस्तीपर्यंत सायकल यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कानिफनं सगळं सांगितलं. परीक्षेच्या आधी पुण्यात फी-वाढीविरुद्ध पोरांचा मोर्चा निघाला होता. हा गेला होता. पुढं कुणीतरी दगड मारला, एका सरकारी कचेरीची काच फुटली, पोलिसांनी लाठ्या काढल्या आणि पोरं उधळली. कानिफ पार मागं होता. त्यानं दगड पाहिलासुद्धा नव्हता. पण पळताना त्याची एक चप्पल तिथंच राहिली.

"चपलंचं काय येवढं?" आसाराम म्हणाला.

"नाना, तो पुरावा हाय. चप्पल नगरच्या दुकानातली. आतून नाव हाय दुकानाचं. तिथनं माग काढला तर सरळ आपल्या दारात येतो."

"पर तू दगड मारला न्हाईस ना?"

"मारायला लागत न्हाई. कलम एकशे एकोणपन्नास. बेकायदा जमावातल्या एकानं केलं की सगळ्यांनी केलं. आणि एकदा गुन्हा नोंदला की शिष्यवृत्ती गेली, सनद गेली, सगळंच गेलं."

अडाणी माणूस एका गोष्टीला भितो. कानिफला प्रत्येक गोष्टीचं कलम पाठ होतं, त्यामुळं तो कलमवार भीत होता. पारावरची चोराची आणि अडाण्याची गोष्ट त्या घटकेला कुणालाच आठवली नाही, त्याला तर मुळीच नाही.

आसारामनं मात्र दम सोडला नाही. तरुणपणी एका मारामारीत तो श्रीगोंद्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला होता आणि तेव्हापासून पोलिसाशी कसं बोलावं हे आपल्याशिवाय कुणाला कळत नाही अशी त्याची समजूत होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं. पडवीच्या कोपऱ्यात ज्वारी साठवायच्या दोन कणग्या होत्या, तुरकाट्यांच्या विणलेल्या, शेणानं लिंपलेल्या, छातीइतक्या उंच. एक भरलेली. दुसरी रिकामी.

"आत हो."

"नाना, अटक करायची तर आधी..."

"आत हो म्हंतो ना. बाकीचं माझ्यावर सोड. पोलिसाशी थोडं बोलावं आन् खोटं बोलावं, एवढंच असतंय."

कानिफ कणगीत उतरला. वरून आसारामनं सूप झाकलं. झुंबरबाई पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली होती. तिला आसाराम म्हणाला, "वहिनी, तुमी काय बोलू नका." लंकाबाईला म्हणाला, "तू चहा टाक, आन् मी जे म्हणंल त्याला व्हय म्हण." लंकाबाई आत पळाली. तेवढ्यात अंगणात सायकलची घंटी वाजली.

हवालदार आबासाहेब गुंजाळ हा सावकाश माणूस होता. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, ती पडणार नाही याची खात्री केली, घाम पुसला, घोंगडीवर बसला आणि पाठीला आधार हवा म्हणून कणगीला टेकला. रिकाम्या कणगीला. आत कानिफच्या गुडघ्याला हवालदाराची पाठ कुडाच्या पलीकडून लागली. कणगीत मागच्या सालाचा भुसा होता, कडुनिंबाचा वाळलेला पाला होता, आणि अंधार. त्यानं नाक दोन बोटांत धरलं आणि तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली.

"कानिफनाथ श्रीमंत दरेकर इथंच ऱ्हातो?"

"ऱ्हायचा," आसाराम म्हणाला.

"म्हंजे?"

"आता न्हाई. काय काम हुतं, हवालदार साहेब?"

"ते सांगता येत न्हाई. चौकशी गोपनीय हाय. वरनं तसं लिवून आलंय." हवालदारानं कागद मांडीवर घेतला आणि शाईचं पेन उघडलं. "कुठं गेलाय?"

जवळचं गाव सांगावं तर हा माणूस सायकलवर टांग टाकून तिथं जाईल, म्हणून आसारामनं जिल्ह्याचं दुसरं टोक गाठलं. "भंडारदऱ्याला."

"कशाला?"

"धरण बघायला."

"धरण बघायला गेलेला माणूस परत येतो की."

"आवडलं त्याला. तिथंच ऱ्हायलाय."

"कुणाकडं?"

आसारामनं थोडा विचार केला. "धरणाकडंच."

कणगीत कानिफनं डोळे मिटले. हवालदारानं मात्र शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाला, "ठीक. अकोले तालुक्याच्या ठाण्याला कळवतो. ते तिथं त्याला हुडकून काढतील."

म्हणजे आता एकाच्या जागी दोन ठाणी मागं लागणार. आसाराम काही बोलणार तोच लंकाबाई चहा घेऊन बाहेर आली. चुलीपुढं बसून तिनं काही ऐकलं नव्हतं, पण नुसतं व्हय म्हणण्यापेक्षा आपणही हातभार लावावा असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"कानिफचं इचारताय व्हय?" ती कपबशी पुढं करत म्हणाली. "तो मिलिट्रीत भरती झाला की."

हवालदार लिहायचा थांबला. "भंडारदऱ्याला मिलिट्री हाय?"

"तिथनं पुढं गेला," आसाराम म्हणाला.

"पुढं कुठं?"

"ते सांगत न्हाईत साहेब. त्यांचं बी गोपनीय असतंय."

हे हवालदाराला पटलं. गोपनीय म्हटलं की त्याला पुढं विचारायची सवय नव्हती. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला. कानिफच्या मानेवरून एक किडा चालत चालत पाठीकडं गेला आणि त्याला तो जाऊ द्यावा लागला. बशी खाली ठेवून हवालदार म्हणाला, "पर कॉलेजाला शिकणारा पोरगा शिक्षण सोडून मिलिट्रीत कशाला जाईल? आन् धरण बघायला कशाला जाईल? ह्यात काहीतरी हाय." आता त्याचा आवाज बदलला होता. इतका वेळ तो काम उरकायला आलेला माणूस होता, आता पोलीस झाला. "त्याची आई कुठाय?"

झुंबरबाई दारातच होती. पिठाचे हात तसेच वाळले होते.

"बाई, तुमी सांगा. पोरगा कुठं हाय?"

झुंबरबाईला खोटं बोलता येत नव्हतं. एकदा पाहुण्यांना साखर संपली म्हणून सांगताना तिला अशी उचकी लागली होती की शेवटी पाहुण्यांनीच पाणी आणून दिलं. खरं सांगावं तर पोटचा गोळा कणगीत. तिनं हवालदाराकडं पाहिलं, कणगीकडं बघायचं नाही म्हणून मान फिरवली, आणि तिला रडूच कोसळलं. "गेलं हो," ती पदर तोंडाला लावत म्हणाली, "गेलं माझं लेकरू. येवढं शिकवलं, समदं पाण्यात गेलं."

हवालदार गुंजाळ उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात घेतली.

"अरेरे," तो म्हणाला. "म्हंजे पोरगा गेला?"

आसारामला यातून मोकळी वाट दिसली. भंडारदरा नको, मिलिटरी नको, अकोल्याचं ठाणं नको. मेलेल्या माणसाला कुणी पकडत नाही, आणि त्याच्या चपलेचाही कुणी माग काढत नाही. त्यानं मान खाली घातली. "गेला," तो म्हणाला.

"कशानं?"

"पोटात दुखत हुतं."

"मग धरणाचं आन् मिलिट्रीचं का सांगितलंत?"

"वहिनींच्या म्होरं बोलवत न्हाई, साहेब. आमी असंच सांगत असतो. तिकडं गेलाय, हिकडं गेलाय."

हे मात्र आसाराम इतक्या खालच्या सुरात बोलला की लंकाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. कानिफला तिनं आत्ताच स्वतःच्या डोळ्यांनी कणगीत उतरताना पाहिलं होतं, तरी ती हुंदके देऊ लागली. हवालदारानं टोपी ठेवायला जागा शोधली आणि ती कणगीवरच्या सुपावर ठेवली. मग तो पुन्हा बसला आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत, लिहू लागला. पेनाची कुरकुर कानिफला स्पष्ट ऐकू येत होती. लिहिता लिहिता हवालदार ते पुटपुटतही होता. "सदर इसम... मयत."

कानिफला वाटलं, सुटलो. घामानं तो भिजला होता, एका पायाला मुंग्या आल्या होत्या, पण सुटलो.

हवालदारानं पेनाला टोपण लावलं. "वाईट झालं," तो म्हणाला. "आता माणूसच न्हाई म्हटल्यावर गोपनीय तरी काय ऱ्हायलं. सांगतो तुमाला. नगरला कुणा वकिलाच्या नावची शिष्यवृत्ती हाय. त्यांच्या कमिटीनं तुमच्या पोराचं नाव पहिलं काढलं हुतं. फकस्त चाल-चलन कसं हाय, पत्ता खरा हाय का, एवढं पोलिसाकडनं बघून घ्यायचं, म्हणून मला धाडलं. एका शब्दाचं काम हुतं. 'चांगला' म्हणून लिवलं असतं की झालं."

झुंबरबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"आता दुसऱ्या नंबरच्याला मिळंल," हवालदार पुढं म्हणाला. "पारनेरकडचा हाय कुणीतरी. त्याचं तरी भलं व्हईल. कागद आजच धाडतो, म्हंजे त्यांचा खोळंबा नको." आणि टोपी घ्यायला तो वळला.

टोपी हलली.

आधी सूप हललं, मग सुपावरची टोपी. आसारामनं पुढं होऊन दोन्ही हात सुपावर ठेवले. त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. शिष्यवृत्ती पाहिजे होती, आणि ती घ्यायला कानिफ बाहेर यायला पाहिजे होता, हे त्याला कळत होतं. पण पोलिसाच्या तोंडावर, शाईनं, आपण एक माणूस मारला आहे, आणि तो आत्ता जिवंत निघाला तर आपलं काय, हेही कळत होतं. मन एकीकडं आणि हात दुसरीकडं, अशी त्याची गत झाली. हात दाबतच राहिले.

"काय हाय त्यात?" हवालदारानं विचारलं.

"उंदीर."

"येवढा?"

"ज्वारी खातोय ना साहेब."

आतून कानिफनं डोक्यानं धक्का दिला. आसारामनं वरून अंगाचा भार टाकला. आयुष्यभर ज्या हातांनी त्याला पुढं ढकललं ते आता त्याला खाली दाबत होते. "नाना, सोडा," असा कणगीतून दबका आवाज आला. उंदीर बोलल्यावर हवालदाराचा हात कमरेच्या दांडक्याकडं गेला. कानिफनं वरचा नाद सोडून बाजूच्या कुडाला खांदा लावला आणि सगळं बळ एकवटून रेटलं. कणगी कलली, आडवी झाली, आसाराम तिच्यावरून पलीकडं गेला, आणि भुशानं, जाळ्यांनी, कडुनिंबाच्या पाल्यानं माखलेला कानिफनाथ श्रीमंत दरेकर चार पायांवर रांगत हवालदाराच्या बुटापाशी आला.

लंकाबाई किंचाळली. रडून रडून, तो मेलाय यावर तिचा पक्का विश्वास बसला होता.

"साहेब," कानिफ उठायचा प्रयत्न करत म्हणाला, "मी जिवंत हाय." एवढं म्हणून त्याला एकापाठोपाठ एक अशा शिंका सुरू झाल्या की पुढचं काही बोलताच येईना. झुंबरबाईनं पाणी आणलं. हवालदारानं आपली टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि शिंका थांबेपर्यंत तो नुसता बघत राहिला.

"आता मी काय करू?" शेवटी तो म्हणाला. रागापेक्षा त्याच्या आवाजात दुःख जास्त होतं. "मी शाईनं लिवलंय. खाडाखोड केली तर साहेब माझी पगारवाढ खाडाखोड करतील." मग त्यानं कानिफला समोर बसवलं. "का लपलास? खरं सांग."

खोटं सांगायला कानिफच्या अंगात त्राण नव्हतं. त्यानं मोर्चा सांगितला, काच सांगितली, चप्पल सांगितली. एकशे एकोणपन्नास कलमही सांगितलं. हवालदार पुढं झुकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "काच तू फोडलीस?"

"न्हाई."

"कुणी फोडली ते बघितलंस?"

"न्हाई. मी मागं हुतो."

"मग तुझी चप्पल कुणी हुडकत न्हाई. पुण्याच्या पोलिसाकडं असल्या चपलांची रास पडलेली असती." तो आसारामकडं वळला. आसाराम कोपर चोळत कोपऱ्यात बसला होता. "तुमचं मात्र सोडता येत न्हाई. पोलिसाला खोटी माहिती. काय रे, तू शिकतोस ना हेच? कुठलं कलम?"

कानिफचं तोंड उघडलं ते सवयीनं. "एकशे ब्याऐंशी," तो म्हणाला. "सहा महिने, न्हाईतर दंड, न्हाईतर दोन्ही." आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

आसारामनं पुतण्याकडं असं पाहिलं की पडवीतली घोंगडीसुद्धा शरमली असती. "ह्यासाठी शिकवलं व्हय रं तुला?" तो हळूच म्हणाला.

कानिफचे कान तापले. कुठल्या अर्जात, कुठल्या परीक्षेत त्याला जो प्रश्न कुणी विचारला नव्हता तो आता समोर होता, आणि उत्तर चुकलं तर चुलता आत जाणार होता. तो उभा राहिला. अंगावरचा पाला झटकला. "साहेब, पर ते कलम लागू व्हायला माणूस जाणूनबुजून खोटं बोलला पायजे."

"बोललाच की. मेला म्हणाला."

"न्हाई साहेब. मी आत बसून एकेक शब्द ऐकलाय. मेला कुणी म्हटलंच न्हाई. आई म्हणाली, गेलं. नाना म्हणाले, गेला. मी गेलोच हुतो. कणगीत."

हवालदारानं भुवया वर केल्या. "आन् पोटात दुखत हुतं ते?"

"दुखत हुतं की," झुंबरबाई मधेच म्हणाली. तिला उचकी लागली नाही. "तुमचं नाव ऐकल्यापास्नं पोट धरून बसलं हुतं."

"आन् मिलिट्री?"

ती जबाबदारी कुणाची हे ठरवायला सगळ्यांनी लंकाबाईकडं पाहिलं. लंकाबाई चहाची भांडी उचलून आत गेली.

"आन् धरण?" हवालदारानं विचारलं.

कानिफनं बरीच खटपट केली, पण धरणाला काही त्याला कलम सापडेना. "धरणाचं साहेब... ते तेवढं खोटं हुतं," तो म्हणाला.

का कोण जाणे, ह्या एका कबुलीनं हवालदाराचा चेहरा सैल झाला. त्यानं पेन पुन्हा उघडलं. खाडाखोड करायची नव्हती, म्हणून त्यानं खालीच पुढं लिहिलं, आणि लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणजे मागाहून कुणाची तक्रार नको. "सदर इसमाबाबत समक्ष चौकशी केली असता इसम मयत असल्याचे समजले. तदनंतर मयत इसम कणगीतून समक्ष हजर झाला. चाल-चलन चांगले. कायद्याचे ज्ञान आहे. नातेवाइकांच्या माहितीवर विसंबून राहू नये."

"हे असं धाडणार?" कानिफनं घाबरून विचारलं.

"खरं हाय ते धाडणार," हवालदार म्हणाला, आणि सायकल घेऊन निघून गेला.

त्यानंतरचे दिवस दरेकर वस्तीवर कुणी नीट जेवलं नाही. आसाराम पुतण्याशी बोलेना आणि कानिफ पारावर जाईना. पोस्टमन फाट्याकडं वळला की दोघं दोन दारांतून बघायचे, आणि एकमेकांना दिसले की दोघंही आत जायचे. सोसायटीच्या सेक्रेटरीनं कारकुनाच्या जागेबद्दल निरोपही पाठवून ठेवला होता. अखेर नगरहून मुलाखतीला बोलावणं आलं. आसारामनं स्वतःचा कोट कानिफच्या अंगावर चढवला, बाह्या बोटांच्या खाली येत होत्या तरी. "तिथं काय इचारलं तर समदं खरं सांग," तो म्हणाला. "आपल्या घरात ते कुणाला तरी जमतंय का बघू."

कमिटीत तीन वयस्क माणसं होती, मधले निवृत्त जज्ज. त्यांच्यापुढं हवालदाराचा कागद होता, आणि त्यांनी तो इतका वेळ वाचला की कानिफला कोटाच्या आत पुन्हा कणगी आठवली. शेवटी जज्जसाहेबांनी चष्मा काढला.

"तुम्ही हयात आहात?"

"होय साहेब."

"कणगीचं काय झालं ते सांगा."

कानिफनं सांगितलं. धरणासकट. दोघं सदस्य रुमालात खोकत राहिले. जज्जसाहेब मात्र एकदाही हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "साक्षीदार घरचे असले की काय होतं, हे तुम्हाला इथं येण्याआधीच कळलंय. ते पुस्तकात मिळत नाही." आणि त्यांनी कानिफच्या नावापुढं सही केली.

शिष्यवृत्ती मिळाली. पण कागद कागद असतो. पोलिसाच्या दप्तरी 'मयत' असा शब्द पडला होता, आणि ट्रस्टचा हिशेबनीस मोठा काटेकोर माणूस होता. मयत म्हणून नोंद झालेल्या इसमाला पैसे दिले तर उद्या वर जाब कोण देणार, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यावर तोड निघाली ती अशी की कानिफनं प्रत्येक हप्त्याला नगरच्या ट्रेझरीत जाऊन, साहेबापुढं उभं राहून, आपण जिवंत असल्याचा दाखला आणायचा. जसा म्हातारे पेन्शनर आणतात तसा.

असा एक दाखला आणायला तो बहात्तरच्या सुरुवातीला नगरला गेला होता. लढाई नुकतीच संपली होती. ट्रेझरीच्या व्हरांड्यात हयातीच्या दाखल्याची रांग लागली होती, आणि नगरची रांग म्हणजे अर्धे माजी सैनिक. काठ्या, कानटोप्या, कोटावर लावलेली पदकं. त्या सगळ्या पिकल्या केसांत एक विशीतला तरुण, आणि त्या दिवशी एसटीतून उतरताना पाय मुरगळल्यानं थोडा लंगडत असलेला.

पुढच्या म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मग पायाकडं. त्यानं आपल्या पुढच्याला कोपरखळी मारली आणि त्यानं त्याच्या पुढच्याला. बघता बघता रांग दुभंगली. "येऊ द्या, येऊ द्या. पुढं येऊ द्या पोराला," असं म्हणत म्हाताऱ्यांनी कानिफला हातोहात खिडकीपाशी नेलं. तो नको नको म्हणत होता, पण त्यांनी ते विनय म्हणून घेतलं. आतला कारकूनसुद्धा खुर्चीवरून अर्धवट उठला.

मिशीवाल्या एका सुभेदारानं कानिफच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठल्या आघाडीवर होतास, बाळ?"

सगळा व्हरांडा ऐकत होता. कानिफला एक सोयीचं उत्तर सुचलं. मग चुलत्याचं सांगणं आठवलं.

"काष्टी," तो म्हणाला.

सुभेदारानं डोळे बारीक करून आठवून पाहिलं. "ही पूर्वेला की पश्चिमेला?"

"दौंडच्या अलीकडं," कानिफ म्हणाला, आणि लंगडत लंगडत जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.